हाताच्या कंपाचे मोजमाप

आमच्या सुतार ज्ञातीचा सारा व्यवसाय मापावर उभा आहे. गुण्या व ओळंबा यांवाचून आमचा एक सांधा जुळत नाही. परंतु लाकूड इतक्या बारकाईने मोजणाऱ्या हातांना हत्यारापासून काय सोसावे लागते, हे मोजावे असे आम्हांस फार काळ सुचले नाही. त्या मोजमापाचा अल्प इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील. तेथील पाषाण कोरणाऱ्या हातांस दोन घावांमध्ये क्षणाचा विसावा मिळत असे, वाकस-पटाशीचेही तसेच. यंत्राने हा विसावा हिरावून घेतला. त्याचा परिणाम अमेरिकेतील पाथरवटांवर स्पष्ट दिसला. बेडफर्ड येथील चुनखडीच्या खाणींत दाबाच्या हवेवर चालणारे हातोडे वापरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी व बधिर होतात, हे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली दाखविले. सुमारे साठ वर्षांनी तेथेच पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही दहांतील आठ कारागिरांस तोच विकार आढळला. ज्ञान झाले होते. आचरण झाले नव्हते.

मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९८६ साली ठरली व २००१ साली सुधारली गेली. हत्याराच्या मुठीवर लहानसा संवेदक घट्ट बसवून तीन दिशांचे त्वरण नोंदवितात आणि त्यांवरून एक आकडा काढितात. युरोपात २००२ च्या निर्देशाने आठ तासांच्या कामाकरिता ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कमाल मर्यादा ठरली, २.५ पासूनच मालकाने उपाय योजावेत, असेही ठरले. ५ आकड्याचे हत्यार दोन तास चालविले की २.५ ची पायरी गाठली जाते. १० आकड्याच्या हत्यारास अर्धा तासच पुरतो.

१९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या निर्वासितांच्या वसाहतीत पुढे फर्निचरचा मोठा बाजार उभा राहिला. तेथे, तसेच अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या इमारतींत आज विजेचा रंधा, सँडर व राऊटर दिवसभर चालतात. आपल्या उष्ण हवेत बोटे सहसा पांढरी पडत नाहीत. मुंग्या येतात, बधिरपणा वाढतो, पटाशीची धार बोटास कळेनाशी होते. दोष मात्र वयास दिला जातो.

म्हणून आमची विनंती इतकीच : यंत्र घेताना माहितीपत्रकातील कंपाचा आकडा पाहावा, पाते धारदार ठेवावे, चालविण्याचे तास मोजावेत व काम आळीपाळीने वाटावे. बधिरपणा जाणवताच वैद्यास दाखवावे. कारण फार उशीर झाल्यास गेलेली संवेदना परतत नाही. विश्वकर्म्याने दिलेले पहिले हत्यार म्हणजे हात. त्याचेही माप ठेवणे हा आपला ज्ञातिधर्मच होय.