आधी थांबायला शिका!

मंडळी, सिंगापूरात आपल्याला ऋतू दोनच : पाऊस आणि पावसाआधीचा उकाडा. बर्फाशी ओळख फ्रीजमधली, किंवा फार तर जुरॉंगला सायन्स सेंटरशेजारी २००० साली उघडलेल्या स्नो सिटीतली. तरीही डिसेंबरची शाळेची सुट्टी जवळ आली की निम्मं मंडळ जपानची तिकिटं बघायला लागतं!

गेल्या डिसेंबरात आम्हीही युझावाला गेलो. निघण्यापूर्वी पुण्याहून बाबांचा फोन आला, "अरे, या वयात कसलं नवीन शिकतोस? हाडं मोडून घेशील." माझं वय छत्तीस. सहा वर्षांची लेक पहिल्याच दिवशी खिदळत पुढे निघून गेली आणि मी मात्र उभ्या जागी पडत होतो. आमच्या मोठ्यांच्या वर्गात पहिला तास गेला तो फक्त पडायचं कसं, उठायचं कसं आणि थांबायचं कसं यात. परत आल्यावर सवयीने मॅन्युअल शोधायला बसलो (कॉम्प्युटर इंजिनियर ना!), तर हा इतिहास हाती लागला.

नॉर्वेत स्की हजारो वर्षं जुनी. आपल्या गावाकडची पोरं जशी विहिरीत पोहायला शिकतात, तशी तिथली मुलं बघून बघून स्की शिकायची. पद्धतशीर शिकवणीची गरज पडली ती जे बालपणी शिकले नाहीत त्यांना, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांना.

फ्रिड्त्यॉफ नानसेनने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं. त्याचं पुस्तक वाचून ऑस्ट्रियातल्या माथियास झ्दार्स्की या चित्रकार-शिक्षकाने नॉर्वेहून स्की मागवल्या. तेव्हा तो पस्तिशीच्या आसपास होता आणि शिकवायला कोणी नव्हतं. नॉर्वेच्या मानाने आल्प्सचे उतार फार खडे. लिलियेनफेल्ड गावाजवळ तो वर्षानुवर्षं एकटाच पडत-उठत राहिला, पाय घट्ट धरणारी नवी पकड बनवली, आणि १८९६-९७ मध्ये आपली पद्धत पुस्तकरूपाने छापली. वेग ताब्यात ठेवून वळत वळत खाली कसं यायचं, हा तिचा गाभा. पुढे १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, तो हिमस्खलनात सापडला. शरीरात सुमारे ८० ठिकाणी मोडतोड झाली. तेव्हा तो साठीला आला होता. पठ्ठ्या पुन्हा स्की करायला लागला!

त्याचा शिष्य मेजर थिओडोर फॉन लेर्ख जपानला आला. जपानी सैन्याने बर्फाचा फटका चांगलाच खाल्ला होता. जानेवारी १९०२ मध्ये हाक्कोदा डोंगरात सरावाला गेलेल्या २१० सैनिकांपैकी १९९ जण गारठून गेले होते. १२ जानेवारी १९११ रोजी लेर्खने ताकादा इथे अधिकाऱ्यांना स्की शिकवायला सुरुवात केली. ताकादा आमच्या युझावाच्याच निईगाता प्रांतातलं. पुढच्या वर्षी तो होक्काइदोत गेला आणि योतेई पर्वतावर चढला. आपल्यातले जे निसेकोला जाऊन आलेत, त्यांनी समोर दिसणाऱ्या त्या डोंगराचे फोटो काढलेच असतील!

आज आपण जो वर्ग बघतो त्याला आकार दिला हान्नेस श्नायडरने. १९२० च्या दशकात सांक्ट आंटोन इथे त्याने शिकणाऱ्यांचे तयारीनुसार गट पाडले आणि पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी स्नोप्लाऊ : स्कीची टोकं जवळ, मागचा भाग फाकलेला, म्हणजे ब्रेक लागतो. (लेकीच्या वर्गात याला 'पिझ्झा' म्हणतात!) मग हळूहळू वळणं. पायरी जमली की वरचा वर्ग. नाझींना विरोध केल्यामुळे १९३८ मध्ये त्याला अटक झाली. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत गेला आणि तिथे परत शिकवू लागला.

आपल्याकडे गुलमर्गला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये स्की क्लब काढला, तो हौसेखातर. पण १९४८ च्या डिसेंबरात जनरल थिमय्यांनी तिथेच सैन्यासाठी स्की शाळा सुरू केली, ती काश्मीरच्या लढाईत बर्फाने शिकवलेल्या धड्यामुळे. आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ते हेच. ज्यांनी लहानपणी बर्फ बघितलाही नाही असे देशभरातले जवान तिथे शिकतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवर हिमस्खलनात जे दहा जवान गेले, त्यांत एक आपल्या साताऱ्याचा होता. बर्फ म्हणजे सगळ्यांसाठी सुट्टी नव्हे, हे निसेकोच्या फोटोंत आपण विसरतो.

हे सगळं वाचताना मला बाबा आठवत राहिले. ते बँकेत होते. पन्नाशीला आले तेव्हा शाखेत कॉम्प्युटर आले. दोन दिवसांचं ट्रेनिंग, हातात जाडजूड पुस्तक, आणि समोर ग्राहकांची रांग. "आता या वयात जमायचं नाही," म्हणून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. इतकी वर्षं मी ते वयाच्या खात्यावर टाकत होतो. आता वाटतं, त्यांना थेट डोंगराच्या माथ्यावर उभं केलं होतं. थांबायचं कसं, ते कोणी सांगितलंच नाही.

मागच्या महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा त्यांना फोनवरून पैसे पाठवायला शिकवलं. आधी फक्त बॅक बटण. चुकलं तर मागे कसं यायचं, एवढाच पहिला धडा. चौथ्या दिवशी त्यांनी भाजीवाल्याला चाळीस रुपये पाठवले आणि मला विचारलं, "पुढचा धडा कधी?"

या डिसेंबरात तुम्ही बर्फात जाणार असाल तर मोठ्यांच्या वर्गात बिनधास्त नाव घाला. पडलात तर मी शेजारीच असेन, पडलेला! सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!