सोंग, सूत्रधार आणि सवड

संसारी माणसास खेळावयास सवड नसते, हा सिद्धांत आपल्याकडे इतका रूढ झाला आहे कीं, त्याची शहानिशा करावी असें कोणास वाटतही नाहीं. लहानपणीं खेळावें, तारुण्यांत कमवावें आणि पुढें दुसऱ्यांचे खेळ पाहावे, अशी आयुष्याची वांटणी आपण करून टाकली आहे. आमच्या मतें या वांटणींत सवडीचा दोष थोडा आणि खेळाच्या घडणीचा दोष अधिक आहे. कोल्हापूरच्या शेजारींच घडलेला एक इतिहास या म्हणण्यास पुरावा म्हणून देतां येतो. पण ज्या खेळामुळें हा विचार आमच्या मनांत आला, त्याची ओळख आधीं करून दिली पाहिजे.

हा खेळ म्हणजे मेजाभोंवतीं बसून पांचसहा जणांनीं मिळून रचलेली गोष्ट होय. एक जण निवेदक होतो; बाकीचे एकेक सोंग घेतात. पुढें दरी आहे आणि पूल तुटला आहे, असें निवेदक सांगतो. मी उडी टाकतों, असें दुसरा म्हणतो. उडी साधली कीं फसली हें फाशांचें दान ठरवितें. संवाद कोणीं लिहिलेले नसतात व शेवट कोणास ठाऊक नसतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं १९७४ सालीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें या खेळाचे नियम छापले. पहिली आवृत्ति अवघी एक हजार प्रतींची होती. गायगॅक्स पूर्वीं विम्याच्या कचेरींत नोकरीस होते. ती नोकरी गेल्यावर घराच्या तळघरांत जोडे दुरुस्त करून ते संसारास हातभार लावीत. म्हणजे हा खेळ रिकाम्या माणसानें काढला, असें म्हणण्याची सोय नाहीं.

त्याचें मूळ आणखी मागें, प्रशियाच्या सैन्यांत सांपडतें. तेथें १८२४ सालीं राइसवित्स नांवाच्या अधिकाऱ्यानें नकाशावर खेळावयाचें युद्ध मांडलें. दोन्ही पक्षांनीं आपले हुकूम पंचास द्यावे आणि पंचानें परिणाम सांगावा, अशी त्याची रीत होती. पुढें नियमांचें जंजाळ इतकें वाढलें कीं अधिकारी कंटाळले. तेव्हां १८७६ सालीं फेर्डी द्यु वेर्नुआ या सेनानीनें नियमांचें बाड बाजूस सारून जाणत्या पंचाच्या निवाड्यावर खेळ सोंपविला. खेळणाऱ्यांच्या डोक्यावरचें ओझें उतरवून एकट्या जाणत्यावर ठेवणें, ही ती युक्ति होती. आमच्या विषयाचें मर्म तेथेंच आहे.

हीच युक्ति त्यापूर्वीं तीस वर्षांवर सांगलीस होऊन गेली होती. १८४२ च्या सुमारास कानडी मुलखांतील भागवत मंडळीचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून संस्थानचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं विष्णुदास भावे यांस तसाच खेळ मराठींत करण्याची आज्ञा केली, आणि १८४३ च्या नोव्हेंबरच्या ५ तारखेस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आलें. त्याची स्मृति म्हणून तो दिवस आज मराठी रंगभूमि दिन मानला जातो. या नाटकाची घडण मात्र आपण विसरलों आहों. पदें भाव्यांनीं रचलीं होतीं व तीं सूत्रधार आणि साथीदार गात. गद्य भाषण पात्रांनीं प्रसंग पाहून आयत्या वेळीं करावयाचें. राक्षस आरोळ्या ठोकीत, तरवारी परजीत. आणि पुढच्या पिढीनें या नाटकांस ‘तागडथोम’ म्हणून हिणविलें.

हिणविणारांनीं एक गोष्ट ध्यानांत घेतली नाहीं. रामायण-महाभारत ज्यास घरच्या घरीं ठाऊक झालें आहे, त्यास अशा नाटकांत उभें राहण्यासाठीं पुस्तक पाठ करावें लागत नव्हतें. कथानकाचें सूत्र सूत्रधाराच्या हातीं. पात्रानें आपली जीभ आणि आपलें अंतःकरण तेवढें बरोबर आणावें. तयारी एकाची आणि खेळ सर्वांचा, अशी ही वांटणी होती.

नंतरचा काळ ग्रंथांचा आला. विनायक जनार्दन कीर्तने यांनीं १८६१ सालीं ‘थोरले माधवराव पेशवे’ हें नाटक लिहिलें आणि आमच्या जिल्ह्यांतीलच इचलकरंजीकर नाटक मंडळीनें तें करून दाखविलें. अशा नाटकांस त्या काळीं ‘बुकिश’ म्हणत. मराठी साहित्याचा यांत मोठाच लाभ झाला, हें आम्ही आनंदानें कबूल करतों. पण पाठांतर आलें, तालमी आल्या आणि तालमींबरोबर सवडीचा प्रश्न आला. अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्यास रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरींत नोकरीस होते. ती नोकरी सांभाळून त्यांनीं १८८० च्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेस ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें. परंतु दोन डगरींवर पाय फार दिवस ठेवतां येत नाहीं. मंडळी गांवोगांव फिरूं लागली आणि हौसेचा विषय चरितार्थाचा झाला. ज्यास नोकरी सोडतां आली नाहीं, तो प्रेक्षकांत जाऊन बसला.

कोल्हापुरानें हें प्रेक्षकपण मोठ्या प्रेमानें निभावलें. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत १९१५ सालीं उभें राहिलेलें पॅलेस थिएटर पुढें केशवराव भोसले यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीं, ८ ऑगस्ट २०२४ रोजीं, तें आगींत सांपडलें तेव्हां आमच्या मित्रमंडळींत कित्येकांचे डोळे भरून आले. त्या रात्रीं ज्याच्या त्याच्या आठवणी निघाल्या. त्या खुर्चींत बसून पाहिलेल्या नाटकांच्या होत्या. स्वतः उच्चारलेल्या एका वाक्याची आठवण सांगणारा आमच्यांत एकही निघाला नाहीं. ही गोष्ट आम्हांस फार लागली.

घाट उतरून सिंधुदुर्गांत गेलें कीं दशावतारांत जुनी घडण आजही दिसते. तेथें लिखित संहिता नसते. आख्यान कोणतें लावावयाचें तें ठरवून नट आयत्या वेळीं बोलतात, आणि त्यांतले कित्येक दिवसा शेतांत राबणारे असतात. पुस्तकावांचून सोंग उभें राहतें, याला याहून निराळा दाखला नको.

तेव्हां आम्हीं पांच घरच्या मंडळींनीं मेजावरचा हा खेळ सुरू केला. एक वकील, एक शिक्षिका, उद्यमनगरांतले एक कारखानदार, एक डॉक्टरीणबाई आणि आम्ही. पहिला प्रयत्न तीन महिन्यांत बुडाला. महिनोन्‌महिने चालणारें लांबलचक कथानक आम्हीं घेतलें होतें. एकदां कारखान्यांत निकडीचें काम, एकदां परीक्षेचे पेपर, एकदां पाहुणे, असें होतां होतां सूत्र तुटलें. पण खरें कारण निराळेंच होतें. खेळ आमच्या घरीं चाले आणि पोहे व चहा स्वयंपाकघरांतून येत. एका रात्रीं बशा ठेवतां ठेवतां आमच्या कुटुंबानें विचारलें, “अहो, तुमच्या या गोष्टींत माझें सोंग कोणतें?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आमची सवड दुसऱ्याच्या श्रमांतून काढलेली होती.

दुसऱ्या खेपेस घडण बदलली. दिवस महिन्याचा दुसरा शनिवार, वेळ नऊ ते साडेअकरा, जेवून येणें, चहा उशिरां येणारानें करणें. गोष्ट त्याच रात्रीं संपली पाहिजे, आणि सूत्रधार पाळीपाळीनें व्हावयाचा. या शेवटच्या नियमास सांगलीचाच धडा कारण आहे. १८५१ सालीं चिंतामणराव वारले, राजाश्रय सरला, आणि मंडळीचा सारा भार वाहत भाव्यांस मुलूखभर फिरावें लागलें. एकट्याच्या खांद्यावरचें ओझें कधीं ना कधीं खालीं येतेंच.

कथानकेंही सर्वांस ठाऊक असलेलीं घेतों. १६६० सालचा पन्हाळ्याचा वेढा कोल्हापूरकरास शिकवावा लागत नाहीं. त्या खेळांत आमच्या कुटुंबानें गडाखालच्या एका गवळणीचें सोंग घेतलें. सिद्दीच्या चौकीवर अडविली असतां ती जें बोलली, तें आर्जव, तो धूर्तपणा आणि त्यामागची भीति, वीस वर्षांच्या संसारांत आम्हीं कधीं ऐकली नव्हती. फासे टाकण्याचें भान कोणास राहिलें नाहीं.

हा वेळ सत्कारणीं लागला कीं नाहीं, असें कोणी विचारील. त्या रात्रीं मेजावरील सारींच माणसें एकमेकांस पूर्वीपेक्षां थोडीं अधिक कळलीं, एवढें सांगून आम्ही थांबतों. येत्या दुसऱ्या शनिवारीं सूत्रधाराची पाळी आमच्या कुटुंबाची आहे, आणि चहा कोणीं करावयाचा याचा वाद आतांपासूनच सुरू झाला आहे.