गप्पी, धानी आणि काचेची पेटी: घरातल्या पहिल्या फिश टँकचा इतिहास

कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा ज्यांना वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी जरा भरकटतो. ते थोडं छाटलंय, सगळं नाही.

विषय आला अंबाडीहून. भिवंडी-वाडा रोडवरचं अंबाडी, जिथून आपण वज्रेश्वरीला वळतो, तेच. तिथल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज होता: "दादा, दोन फुटी टँक घेतला, त्याच दिवशी बारा मासे आणून सोडले. पाचव्या दिवसापर्यंत नऊ गेले. पाणी तर एकदम क्लिअर होतं. मग मेले कशाने?"

मित्रा, उत्तर देतो. पण त्यासाठी आधी लंडनला जावं लागेल.

1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञाने तिथल्या केमिकल सोसायटीसमोर आपला घरचा प्रयोग मांडला. त्याने सुमारे बारा गॅलनचं, म्हणजे साधारण 54 लिटरचं काचेचं भांडं घेतलं, ते अर्धंच भरलं आणि त्यात वॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. ही लांब पात्यांची वनस्पती आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते. मग त्याने मासे सोडले. किती? दोन. दोन गोल्डफिश! पुढे पानं कुजायला लागली, पाणी खराब व्हायला लागलं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून टाकल्या. त्यांनी सडकी पानं खाल्ली आणि भांडं टिकलं.

आता गंमत बघा. आपल्या मित्राचा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर साधारण 56 लिटर. म्हणजे वॉरिंग्टनच्या भांड्याएवढाच. तिकडे दोन मासे, इकडे बारा.

वॉरिंग्टनचा हिशोब असा होता: मासा ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती दिवसा उजेडात त्याच्या उलट करते, मग जमला समतोल. हे बरोबर आहे, पण अर्धंच. मासा अमोनियाही सोडतो, आणि तो मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच होतो. तो पाण्यात दिसत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि मासा वर येऊन तोंड उघडतोय, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

हे उरलेलं अर्धं उत्तर सापडलं गटाराच्या पाण्यात. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी सांडपाणी वाळूतून हळूहळू झिरपू दिलं. काही आठवडे काहीच झालं नाही. मग पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट यायला लागलं. क्लोरोफॉर्म टाकला की काम बंद! म्हणजे हे काम कुठलातरी जीव करत होता. पुढे 1890 च्या सुमारास विनोग्राडस्कीने ते जिवाणू वेगळे करून दाखवले. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशाला मारतात, तिसरं बऱ्याच प्रमाणात चालतं.

मला विचाराल तर, "काही आठवडे काहीच झालं नाही" हे पहिला टँक घेणाऱ्या प्रत्येकाने काचेवर चिकटवून ठेवावं. तुमच्या फिल्टरचा स्पंज म्हणजे तीच वाळू आहे. जिवाणूंची वस्ती त्यात बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. दुकानदार हे सांगत नाही असं नाही, पण घाईत गिऱ्हाईक ऐकतं कुठे? आणि मग घरातलं कोणीतरी "किती घाण झालाय" म्हणत तो स्पंज नळाखाली घासून धुतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. सगळी वस्ती साफ. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, बरं का.

परत इतिहासाकडे. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने, 1854 च्या त्याच्या पुस्तकातून. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं होतं. इंग्लंडमध्ये इतकं वेड पसरलं की लोक किनाऱ्यावरच्या खडकांतून दिसेल तो जीव उचलून घरी न्यायला लागले. गॉसच्याच मुलाने पुढे लिहून ठेवलं, की वडिलांच्या पुस्तकांमुळे ते किनारे ओरबाडले गेले आणि वडिलांना त्याचं फार दुःख होतं.

आपल्या मुंबईत हे वेड सार्वजनिक झालं ते 1951 मध्ये. मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. खर्च आठ लाख, त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्याचे, म्हणून त्यांचं नाव. ठाणे जिल्ह्यातल्या शाळांच्या किती सहली तिथे गेल्या असतील! कोविडच्या काळात ते बंद झालं, त्यामुळे आत्ता शाळेत असलेल्या बऱ्याच मुलांनी ते पाहिलेलंच नाही.

पण अंबाडीसारख्या गावात मासा घरात आला तो या वाटेने नाही. तो आला सरकारी आरोग्य खात्याकडून. गावच्या भिंतीवर रंगवलेलं वाचलंय ना, गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा? तोच हा गप्पी.

नाव ऐकून वाटतं गप्पांवरून आलंय. नाही. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी हे वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर राहणारे गृहस्थ. त्यांनी तिथले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि 1866 मध्ये माशाला त्यांचं नाव मिळालं. मासा त्याआधीच, 1859 मध्ये, दुसऱ्या नावाने नोंदला गेला होता, म्हणून शास्त्रीय नाव वेगळं आहे. बोलण्यात मात्र गप्पीच राहिला.

1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला आणि डासांच्या अळ्यांमागे सगळे लागले. मुंबईत डॉ. बेंटली यांचा 1911 चा अहवाल सरळ विहिरींकडे बोट दाखवतो: हिवताप पसरवणारा शहरी डास तिथे वाढतोय. विहिरी झाका म्हटल्यावर लोक नाराज झाले, कारण कितीतरी विहिरींशी धर्म जोडलेला. अशा जागी अळ्या खाणारा मासा सोयीचा. गप्पी त्याच काळात भारतात आला, आणि 1928 मध्ये इटलीहून त्याचा भाऊबंद गॅम्ब्युसिया आणला गेला. दोघेही अंडी न घालता थेट पिल्लं देतात.

आता उलटा प्रवास. टँकमध्ये 'परदेशी' म्हणून विकला जाणारा पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा डॅनिओ आहे ना, तो आपला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन या सर्जनने 1822 मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. 'डॅनिओ' आला बंगाली 'धानी'वरून, म्हणजे भातखाचरातला. भिवंडी-वाड्याच्या भातशेतीतल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. याच माशावर अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी 1970 च्या दशकात आनुवंशिकतेचं काम सुरू केलं आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पोहतोय. आपल्या दख्खनच्या माशांची अशीच नोंद कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये केली. त्यांनी इथली बोलीतली नावंच शास्त्रात नेली: खुदरी, मुल्या, पोटेल. खुदरीचा पहिला नमुना पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला.

तर मित्रा, आता तुझा टँक. उरलेले तीन आहेत ना, तेच राहू देत. रोज अगदी चिमूटभर खाणं घाल, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदल. नळाचं असेल तर आदल्या दिवशी बादलीत भरून उघडं ठेव. बोअरचं असेल तर क्लोरीनचा प्रश्न नाही, पण ते बहुतेक जड असतं. गप्पी आणि मॉलीला जड पाणी मानवतं, निऑन टेट्राला नाही. हीटर कोकणात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोडल्या तर फारसा लागत नाही. विलायतेत उष्ण प्रदेशातले मासे ठेवायला टँकच्या तळाखाली दिवे आणि गॅसच्या बत्त्या पेटवत. ते काम आपल्याकडे ऊन फुकट करतं. पाच-सहा आठवडे गेले की चार मासे वाढव, मग थांब.

आणि गप्पी ठेवलेस तर तीन महिन्यांत पिल्लांचा सुकाळ होईल. मादी एकदा नराबरोबर राहिली की पुढे कितीतरी वेळा पिल्लं देते, नर नसला तरी. जास्तीचे मित्रांना दे, दुकानात परत दे, किंवा आरोग्य केंद्रात विचार, तिथे गप्पींचं टाकं असतं. तानसा नदीत सोडू नकोस, ओढ्यातही नको. गप्पी अळ्यांबरोबर इथल्या माशांची अंडी-पिल्लंही खातो. काच साफ करतो म्हणून विकत घेतलेला सकर मासा टँकमध्ये मावेनासा झाला की लोक असाच नदीत सोडतात. उजनी धरणाच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो सापडतो. त्याचे काटे जाळं फाडतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही.