कोपऱ्याचा अर्धा : बिदर भागातल्या चौकटी आणि पट्ट्या

बिदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालात लोक काळ्या दगडात जडवलेल्या शिंपल्यापाशी थांबतात. अली बरीद शाहाच्या काळातलं (१५४२ ते १५८०) ते काम आहेच तसं. मी मात्र कोरीव लाकडी खांबांकडे आणि कोपऱ्यांकडे आधी बघतो. इंजिनिअरची खोड, दुसरं काय!

सजावटीच्या पट्टीचा खरा कस कोपऱ्यात लागतो. अष्टूरची हजरत खलीलुल्लाहची चौखंडी बघा. अष्टकोनाचा प्रत्येक कोपरा १३५ अंशांचा. दोन पट्ट्या तिथे नीट भिडायच्या तर सांध्याची रेघ बरोबर मधून, ६७.५ अंशांवर जायला हवी. आजच्या कटिंग मशीनवर हाच काट २२.५ वर लावतात, कारण मशीनचा शून्य म्हणजे सरळ आडवा काट. नवखा मिस्त्री इथेच फसतो.

अष्टकोनाचं गणित निदान ठरलेलं असतं. भालकी, औराद, आळंदकडच्या मातीच्या भिंतींच्या माळवदी घरांत तेही नाही. भिंत फुगते, जोतं खचतं आणि काटकोन ९३ अंशांचा होतो. तिथे गुण्या लावून ४५-४५ च्या दोन पट्ट्या कापल्या तर चार इंच रुंद पट्टीच्या सांध्यात एका टोकाला पाव इंचाहून जास्त फट पडते. मग लांबी भरून रंग मारायचा.

कोनमापक नसताना काय करायचं? सोपं आहे. दोन्ही पट्ट्या आपापल्या जागी, कोपऱ्यात एकमेकींवर चढवून ठेवायच्या. कडा आत जिथे छेदतात तिथे एक खूण, बाहेर छेदतात तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की काटाची रेघ मिळाली. पट्ट्या सारख्या रुंदीच्या असतील तर कोपऱ्याचे बरोबर दोन भाग होतात. रुंदी वेगळी असली तर भाग समान होत नाहीत, पण सांधा तरीही जुळतो. अंश मोजायची गरजच नाही! मला ही रीत त्रिकोणमितीच्या कोष्टकांपेक्षा जास्त आवडते.

म्हणूनच जुने वाडे उतरवताना जीव खालीवर होतो. लाकूड घनफुटावर विकलं जातं आणि चौकट वाहून न्यायला सोपी जावी म्हणून कोपऱ्यालाच करवत लावतात. खांब कुणीतरी दिवाणखान्यासाठी घेतो, पण सांधा जळणात जातो. पट्टीच्या पाठीवरच्या आखणीच्या रेघा, एकदा चुकून पुन्हा मारलेली खूण, नंतर ठोकलेली पाचर, सगळं त्याच्याबरोबर. सुताराचं नाव कागदावर क्वचितच असतं. त्याचा हात दिसतो तो इथेच.

तेव्हा मंडळी, आपल्या गावात वाडा उतरत असेल तर आधी एक टेप आणि पेन्सिल घेऊन जा. प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्ण वेगळे आले तर चौकट तिरकी आहे. मग सांधा बघा : तिरकेपणाला जुळवून कापला असेल तर काम भिंत कलल्यानंतरचं असू शकतं, आणि काटकोनात कापून उघडला असेल तर भिंत नंतर हलली असावी. फोटो पाठीमागूनही काढा, समोरची नक्षी सगळेच काढतात.