वेदना, विजेचा मासा आणि विद्येची वाट



आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. उसाच्या मोळ्या वाहून परतलेल्या कित्येकांच्या कमरेतून पायापर्यंत कळ जाते. जुन्या मधुमेहाने कित्येक वडीलधाऱ्यांचे तळवे रात्रभर जळतात. अशा रुग्णाच्या कातडीवर चकत्या चिकटवून कधीकधी सौम्य वीज सोडतात. ‘करंट लावला’ असे आपण म्हणतो. हा उपाय नवा वाटतो, पण त्याचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे.

इ. स. ४७ च्या सुमारास स्क्रिबोनिअस लार्गस या रोमन वैद्याने लिहून ठेवले की, संधिवाताच्या रुग्णाने समुद्रकाठी जिवंत विजेच्या माशावर पाय ठेवावा. पाय बधिर होईपर्यंत तो उचलू नये. पुढे गॅलनने हा उपाय डोकेदुखीवर करून पाहिला. मेलेल्या माशाचा उपयोग झाला नाही, जिवंत माशाचा झाला, असे त्याने नमूद केले. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी गॅलनचे ग्रंथ अरबीत आणले. इब्न सिना (९८०–१०३७) यांच्या ‘अल्-कानून’मध्येही या माशाचा उल्लेख आला. बाराव्या शतकात तो ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात शतकानुशतके शिकवला गेला. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील युनानी हकीम ज्या परंपरेत शिकत, तिचाही हाच आधारग्रंथ.

गुण येतो हे ठाऊक होते. का येतो हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. गॅल्व्हानीने १७९१ मध्ये बेडकाच्या पायावरील प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा मज्जातंतू व वीज यांचे नाते जगापुढे आले. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी ‘दारा’ची कल्पना मांडली. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना जणू एक दार आहे. स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की ते काहीसे लोटले जाते. ठेच लागली की आपण बोट चोळतो, ते याच कारणाने. १९६७ मध्ये वॉल व स्वीट यांनी विजेचा हा प्रयोग आधी स्वतःवर केला, मग रुग्णांवर. त्याच वर्षी अमेरिकेत शीली यांनी थेट मज्जारज्जूजवळ विजेचे अग्र बसवले.

पालकहो, येथे एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. चकत्यांच्या उपचाराने काहींना तात्पुरता आराम पडतो, पण मज्जातंतूंच्या दुखण्यावर त्याचा पुरावा अद्याप भक्कम नाही. मज्जारज्जूजवळ बसवायच्या यंत्राचा निवडक रुग्णांना उपयोग होतो, परंतु ते महाग असून त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. वेदना दबली म्हणजे रोग गेला असे नव्हे. मधुमेहाची साखर आटोक्यात ठेवावीच लागते. हृदयात पेसमेकर असलेल्याने आणि गरोदर स्त्रीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे यंत्र लावू नये. बाजारातले यंत्र आणून स्वतःच वैद्य होऊ नये.

आणि विद्यार्थीमित्रहो, गॅलनने ऐकीव गोष्ट पारखून पाहिली, हुनैनने ती आपल्या भाषेत आणली, वॉल व स्वीट यांनी तिचे कारण शोधत सुई स्वतःला टोचून घेतली. या साखळीत जात, देश, धर्म आड आले नाहीत. अंबाजोगाईला १९७४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे दार तुमच्यासाठीही आहे. टोळीबरोबर गेलेल्या आईबापांची कंबर का दुखते, हे शोधणारा डॉक्टर त्यांच्याच घरातून का निघू नये?