नायट्रोजनचे स्थिर समस्थानिक व गवताळ भूमी

नायट्रोजनचे दोन समस्थानिक स्थिर आहेत. हवेतील सुमारे ९९.६३ टक्के नायट्रोजन अणू १४ वस्तुमानाचे, उरलेले १५ चे. गवताचे पान वाळवून, दळून, जाळून मिळालेल्या वायूतले हे प्रमाण वस्तुमान वर्णपटमापीवर मोजतात आणि हवेशी असलेला फरक प्रतिहजार मांडतात. हा आकडा म्हणजे ‘डेल्टा-१५’, हवेसाठी तो शून्य. पुष्कळदा त्याला मुळाचा दाखला समजले जाते : कमी आला तर हवेतला नायट्रोजन, जास्त आला तर शेणखत. हे वाचन कच्चे आहे. डेल्टा-१५ ही जमिनीची खर्चाची वही आहे. हलका समस्थानिक अभिक्रियेत किंचित लवकर भाग घेतो. शेणमुतातून अमोनिया उडतो किंवा ओल्या मातीतले जिवाणू नायट्रेटचा वायू करतात, तेव्हा मागे जड वाटा उरतो आणि गवत तो उचलते. सुरतजवळ हजिऱ्याला कृभकोच्या कारखान्यात होणारा युरिया हवेतल्याच नायट्रोजनपासून बनतो, म्हणून त्याचा आकडा शून्याजवळ. शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवरील गाठींत स्थिर झालेला नायट्रोजनही शून्याजवळच. केवळ आकड्यावरून या दोहोंतला भेद कळत नाही.

सुरत शहरातले कतारगाम आज हिऱ्यांच्या कारखान्यांनी गजबजलेले आहे. गवत पाहायचे तर दक्षिणेला पारडीकडे जावे लागते. पूर्वी सुरत जिल्ह्यात असलेल्या या तालुक्यात जमीनदार मोठाले पट्टे गवतासाठीच राखत आणि ते गवत मुंबईच्या तबेल्यांना विकत. त्या जमिनी अन्नधान्यासाठी मिळाव्यात म्हणून १९५३ मध्ये ईश्वरभाई देसाई यांच्या पुढाकाराने आदिवासींचा घासिया सत्याग्रह सुरू झाला. कापून नेलेल्या गवतात दोन्ही समस्थानिक पानात असतील त्याच प्रमाणात जातात. म्हणजे पारडीचा नायट्रोजन मुंबईला जाऊन दुधात नि शेणात उतरला, तरी त्या निर्यातीचा थेट ठसा इथल्या पानावर उमटणार नाही. उलट चराऊ रानात शेणमूत तिथेच पडते, अमोनिया उडतो, आकडा चढतो. तेव्हा कापणीच्या कुरणातला कमी आकडा सुपीकतेची खूण धरता येत नाही. तिथे साठा घटत असतानाही वही कोरी दिसू शकते.

आक्षेप असा की मुळांची खोली, बुरशीची सोबत, नायट्रेट की अमोनियम यांची आवड हे जातीगणिक बदलते. मग एका पानावरून मातीबद्दल काय बोलणार? आक्षेप खरा आहे, पण तो जातींची सरमिसळ करण्यावर लागू पडतो. मारवेल गवताची तुलना मारवेलशीच केली तर त्याची धार बरीच बोथट होते. शेंगावर्गीय झाडाने हवेतून किती नायट्रोजन घेतला हे काढताना शेजारचे साधे गवत संदर्भाला घेतात. समजा गवताचा आकडा ४, शेंगावर्गीयाचा १ आणि फक्त हवेवर वाढवलेल्या त्याच जातीचा उणे १ : ५ पैकी ३, म्हणजे ६० टक्के. मात्र संदर्भगवताचा आकडाच ०.५ असेल तर छेद दीडाचा होतो आणि मोजणीतली बारीकशी चूक उत्तर उलथवते. जगभरच्या मोजमापांत पाऊस वाढतो तसा पानांचा आकडा उतरताना दिसतो; त्यामुळे पारडीसारख्या जास्त पावसाच्या पट्ट्यात हा धोका कच्छमधल्या कोरड्या बन्नी कुरणापेक्षा अधिक. अशा जागी नायट्रोजन-१५ मुद्दाम मिसळलेले खत थोड्या मात्रेत घालून त्याचा माग काढावा. उगमाच्या प्रश्नाला सरळ उत्तर तिथेच मिळते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने अरबी समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचे नायट्रोजनग्रहण याच युक्तीने मोजले आहे.

काळातली तुलना मात्र नैसर्गिक आकड्यालाच साधते. कॅन्सस येथील १८७६ ते २००८ दरम्यानच्या वाळवलेल्या नमुन्यांवरून तिथल्या गवताळ प्रदेशात उपलब्ध नायट्रोजन घटत गेल्याचे दिसले. आपल्याकडे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम (१९०६) हा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ १९३५ चा. सुरतेत कतारगाम दरवाज्याजवळच्या डच दफनभूमीत ‘हॉर्टस मलाबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाचा कर्ता व्हान ऱ्हीड (मृत्यू १६९१) पुरला आहे. त्याच्या ग्रंथातल्या सुरेख चित्रांतून नायट्रोजन मोजता येत नाही, वाळक्या पानातून येतो. त्यासाठी काही मिलिग्रॅम पुरतात. फक्त पान कागदाला ज्या सरसाने चिकटवलेले असते त्यातही प्रथिनांचा नायट्रोजन असतो, म्हणून तुकडा सरस न लागलेल्या टोकाचाच घ्यावा लागतो.