गवयाचा दमसास आणि हृदयाचा ठोका

मागच्या वर्षी मंडळाच्या आरतीला मी मागच्या खुर्चीवर तोंड मिटून बसलो होतो, हे काही जणांना आठवत असेल. उन्हाळ्यात अँजिओप्लास्टी झाली होती. वय चव्वेचाळीस. घरच्यांनी बजावले होते, टाळ्या वाजव पण आवाज लावू नको. धारवाडात राहून पेढाही बंद आणि गाणेही बंद! पुढे तपासणीच्या वेळी डॉक्टरांना भीतभीत विचारले, तर ते म्हणाले, "दम कोंडू नका, जोर लावू नका, एवढे सांभाळून गा." कचेरीत जुन्या फायली चाळण्याची सवय आहेच. तेव्हा या वाक्यामागची फाईल शोधायला बसलो.

पहिली पाने आपल्याच भागातली निघाली. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. एकच पलटा, एकच जागा दिवसचे दिवस घोटायची, अशी ती तालीम. २००३ साली अस्थिमज्जेच्या कर्करोगातून त्या उठल्या आणि २००६ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, पुन्हा मैफिलीत गायल्या. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ च्या सुरुवातीला क्षयाच्या आजारामुळे देवासला गेले. स्ट्रेप्टोमायसिनने ते वाचले, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. १९५३ च्या सुमारास ते परत गाऊ लागले ते उरलेल्या श्वासाचा हिशेब मांडूनच. पल्लेदार तानांऐवजी छोटे, धारदार स्वरसमूह आले. त्यामागे केवळ आजार नव्हता, त्यांचा विचारही होता, असे मला वाटते.

पण गाणाऱ्याचे हृदय शाबूत राहतेच, असा समज कोणी करून घेऊ नये. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ म्हणजे दमसासाचा आदर्श. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांच्या छातीत दुखू लागले. ते सिंगपेरुमाळकोविल स्टेशनावर उतरले आणि तिथेच त्यांनी देह ठेवला. वय पासष्टच्या आत.

गवई श्वास कमावत होते, पण तो मोजत नव्हते. मोजण्याचे काम दुसऱ्याच एका मराठी माणसाने हाती घेतले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, अमळनेरला शिक्षक होते. १९२३-२४ मध्ये त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात उड्डियान आणि नौली चालू असताना क्ष-किरणांनी आत काय होते ते पाहिले. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. प्राणायामात भरपूर प्राणवायू मिळतो, असे तेव्हाही सगळे म्हणत आणि आजही म्हणतात. स्वामींनी मोजून सांगितले की तसे नाही, प्राणायामाचा लाभ दुसरीकडे आहे. स्वतःच्या विद्येविषयी असे लिहायला धैर्य लागते.

लोणावळ्याची ही विद्या हृदयरोग्यापर्यंत आणली ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. के. के. दाते यांनी. १९६९ मध्ये दाते, देशमुख, दळवी आणि विनेकर या चौघांचा शवासनावरचा लेख 'अँजिऑलॉजी' या परदेशी नियतकालिकात छापून आला. रक्तदाबाचे ४७ रुग्ण होते. त्यांना रोज अर्धा तास उताणे निजवून पोटाने संथ श्वास घ्यायला शिकवले. श्वास घेतल्यावर किंचित थांबायचे, सोडल्यावर त्याहून थोडे जास्त. औषध न घेणाऱ्यांचा दाब उतरला आणि औषधे घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मात्रा कमी करता आली. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही त्यातली उणीव. पण पलंगावर पडलेल्या रुग्णाला नुसता श्वास शिकवून त्याचा दाब मोजावा, हे तेव्हा कितीजणांना सुचले असते?

पुढचे धागे इटलीत सापडतात. पाव्हियाचे लुचियानो बर्नार्डी यांनी १९९८ मध्ये दाखवले की हृदय दुबळे झालेल्या रुग्णांनी मिनिटाला सहा श्वास घेतले तर रक्तातला प्राणवायू सुधारतो. २००१ मध्ये त्यांनी २३ निरोगी माणसांकडून ख्रिस्ती जपमाळ आणि तिबेटी मंत्र म्हणवून घेतले. दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहावर आला. इथे मला आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. पटकन घेतलेला श्वास, मग ओळ संपेपर्यंत सावकाश सोडणे. श्वास सोडताना ठोके मंदावतात, हे मनगटावर बोट ठेवून कोणालाही पडताळता येईल. गाण्यात हा सोडण्याचाच भाग लांबतो.

तरी हातचे राखून सांगतो. आपल्या देशात २४ रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे ४००० रुग्णांवर योगाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण ठामपणे घटले असे दिसले नाही. मात्र रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटत होती आणि पूर्वीच्या कामाधामाला ते चांगले लागले. माझ्या गोळ्या मी एक दिवसही चुकवत नाही, ते यामुळेच.

सप्तापूरच्या आमच्या घरी आता पहाटे तंबोऱ्याच्या यंत्रावर वीस मिनिटे खर्ज लावतो. सुरुवातीला षड्ज आठ आकड्यांत संपायचा, आता सतरापर्यंत जातो. वरचा सा मुद्दाम टाळतो. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून कान देऊन असतात, आवाज जरा चढला की भांडे आपटते.

यंदा आरतीला दुसऱ्या रांगेत उभा राहीन. पट्टी काळी दोनवरून खाली घ्यायला पेटीवाल्यांना आधीच सांगून ठेवले आहे. बायकांना ती फार खाली जाईल म्हणून त्यांनी कुरकुर केली, पण अखेर कबूल झाले.